आपली मुले, उत्स्फूर्त नाट्यखेळ आणि आत्मसन्मान

(वार्षिक मेळाव्यातील पालकसत्रात केलेले भाषण)





आम्ही वैद्यकीय व्यवसायात आहोत. त्यामुळे मुलांचा आहार, लसी, मधुमेह यांसारख्या विषयांवर आम्ही बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज आम्ही मुलांच्या वजनाविषयी बोलणार नसून त्यांच्या आवाजाविषयी बोलणार आहोत. शरीराने सुदृढ, परीक्षेत अव्वल आणि तरीही चारचौघांत स्वतःचे असे एक वाक्य उच्चारताना अडखळणारे मूल पूर्णपणे निरोगी आहे, असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

दर वर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आपली मुले भाषणे करतात. महाडचा सत्याग्रह १९२७, काळाराम मंदिर १९३०, येवल्याची घोषणा १९३५, नागपूरची धम्मदीक्षा १९५६, हे सारे दहा वर्षांचे मूल एका दमात म्हणून दाखवते. आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या योग्यच आहेत. परंतु त्याच मुलाला व्यासपीठावरून उतरताना एखाद्या पाहुण्याने सहज विचारले, "बाळा, बाबासाहेबांची कोणती गोष्ट तुला सर्वांत जास्त आवडते?" तर ते मूल उत्तर देण्याआधी आईकडे पाहते. त्या नजरेत एक प्रश्न असतो : बरोबर उत्तर कोणते? आमच्या आजच्या भाषणाचा विषय त्या एका नजरेत सामावलेला आहे.

आणखी एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडून गेला असेल. शाळेत वा महाविद्यालयात एखादा भारतीय कुटुंबातील सोबती विचारतो, "तुझे पूर्ण आडनाव काय? तुम्ही मूळचे कुठले? घरी कोणत्या देवाची पूजा करता?" हे तीन प्रश्न ऐकायला निरुपद्रवी वाटतात. ते कोणत्या उत्तराच्या शोधात आहेत हे मात्र आपल्या मुलांना बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत कळून चुकलेले असते. त्या क्षणासाठी कोणतेही भाषण पाठ केलेले नसते. मूल गप्प बसते, विषय बदलते, किंवा खोटे बोलते. आणि घरी येऊन आपल्यालाही सांगत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. ही घटना आपल्या सर्वांच्या दृष्टीने अभिमानाची आहे. परंतु कायदा कितीही चांगला असला तरी त्याचे दार कोणी तरी ठोठवावे लागते, आणि ते ठोठावण्यासाठी आपल्यावर काय घडले हे स्पष्ट शब्दांत सांगता यावे लागते. मुक्या माणसाला कायदाही पुरेसा उपयोगी पडत नाही.

मुलांच्या मुकेपणाला दोन मुळे आहेत. पहिले शरीरातले आहे. सर्वांच्या नजरा आपल्यावर खिळल्या की मेंदू तो धोका समजतो. अ‍ॅड्रेनलिनचा स्राव वाढतो, हृदय जलद धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, हाताला घाम सुटतो. हे प्रत्येकाला होते. आजही बोलण्यापूर्वी आम्हांला थोडेसे झालेच. अडचण तेव्हा निर्माण होते, जेव्हा मुलाचे सारे लक्ष समोरच्या कामावरून उडून स्वतःवरच खिळते : माझा आवाज कसा येतो आहे, हे मला हसतील का, माझे काही चुकते आहे का? सामाजिक भयाच्या विकारात नेमके हेच घडते, आणि त्याची सुरुवात बहुधा किशोरवयातच होते. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयीच्या तज्ज्ञ समितीने २०२२ साली ८ ते १८ वर्षे वयाच्या सर्व मुलांची चिंताविकारासाठी प्राथमिक तपासणी करावी अशी शिफारस केली, यावरून या प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा.

दुसरे मूळ इतिहासातले आहे. बाबासाहेबांच्या शालेय जीवनातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रातून आपण वाचलेला आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकच गोंधळ उडाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीम फळ्यापाशी पोहोचण्याआधी ते डबे हलविण्यासाठी मुले धावली. वर्गासमोर येऊन उभे राहणे ही इतर मुलांसाठी फार तर लाजेची गोष्ट होती. आपल्या पूर्वजांसाठी तो विटाळ ठरविला गेला होता. वर्गाबाहेर बसून शिकलेल्या पिढ्यांचे आपण वारस आहोत. "पुढे पुढे करू नकोस", "चारचौघांत बोलू नकोस", "आपल्याला काय करायचे" ही वाक्ये आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी भित्रेपणातून आली नव्हती. मुलांनी जिवंत राहावे म्हणून ती आली होती. परंतु जे वाक्य त्या काळी ढाल होते, तेच आज या देशात मुलांच्या पायांतील बेडी झाले आहे.

ही बेडी सोडविण्याचे एक साधन आज आम्ही आपल्यापुढे ठेवू इच्छितो. त्याला इंग्रजीत इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. आम्ही त्याला उत्स्फूर्त नाट्यखेळ म्हणतो. यात लिहिलेली संहिता नसते, पाठांतर नसते, वेशभूषा नसते, पारितोषिक नसते. मुलांना एक नियम वा एक अडचण दिली जाते आणि ती सर्वांनी मिळून, त्या क्षणी, सुचेल तशी सोडवायची असते. एवढेच.

या खेळांचा उगम आपल्याला वाटतो तितका परका नाही. शिकागो शहरात जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन महिलांनी १८८९ साली हल हाऊस नावाचे केंद्र स्थापन केले. युरोपातून आलेली गरीब स्थलांतरित कुटुंबे त्या वस्तीत राहत. तेथे नीव्हा बॉइड या कार्यकर्तीने खेळ, लोकनृत्य आणि गोष्टी यांच्या द्वारे मुलांना एकत्र आणण्याची पद्धत विकसित केली. तिची शिष्या व्हायोला स्पोलिन ही स्वतः रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील. १९३९ पासून तिने शिकागोच्या सरकारी मनोरंजन-प्रकल्पात काम केले. तेथे येणारी मुले वेगवेगळ्या भाषा बोलत. त्यांना व्याख्यान देऊन नाटक शिकविणे शक्यच नव्हते. म्हणून तिने खेळ रचले. तिचे या विषयावरील पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले आणि आज जगभरच्या नाट्यशाळा ते खेळ वापरतात. म्हणजे रंगभूमीवरचे तारे निर्माण करण्यासाठी या खेळांचा जन्म झाला नाही. परक्या भूमीत अवघडून बसलेल्या, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी तो झाला.

आणि येथे एक दुवा असा आहे की जो ऐकून आपल्या मुलांना आनंद वाटावा. हल हाऊसच्या पहिल्या विश्वस्तांमध्ये एक तत्त्वज्ञ होते, जॉन ड्यूई. शिकागोतच त्यांनी १८९६ साली आपली प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. मूल ऐकून नव्हे, तर करून शिकते, हा त्यांचा आग्रह होता. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात आले, आणि १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकत असलेल्या बाबासाहेबांचे ते गुरू झाले. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या १९३६ सालच्या प्रबंधात बाबासाहेबांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे. ज्या विचाराने स्पोलिनचे खेळ पोसले गेले, त्याच विचाराच्या एका थोर आचार्यापाशी बाबासाहेब लोकशाहीचे तत्त्वज्ञान शिकले.

बौद्ध परंपरेलाही हे नवीन नाही. चूळपंथक या भिक्खूची कथा आपण धम्मवर्गात सांगतो. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या थोरल्या भावाने त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला पाठांतर दिले नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि ते हाताने चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि अनित्यतेचा अर्थ त्याला स्वतःच्या बोटांतून कळला. जो पाठांतरात नापास झाला तो अनुभवात अर्हत झाला. आपल्या धम्मवर्गात असे किती चूळपंथक शेवटच्या रांगेत बसलेले असतील, याचा विचार आपण करावा.

आता प्रत्यक्ष खेळांकडे येऊ. आमच्या रविवारच्या धम्मवर्गात आम्ही जे खेळ घेतो त्यांपैकी पाचच सांगतो. त्यांना खर्च शून्य आहे आणि घरची बैठकीची खोली पुरते.

पहिला खेळ आरशाचा. दोन मुले समोरासमोर उभी राहतात. एक जण हळूहळू हात, मान, चेहरा हलवितो आणि दुसरा आरशातील प्रतिबिंब होतो. मिनिटभराने खेळ घेणारा म्हणतो, "बदला", आणि प्रतिबिंबाचा मूळ माणूस होतो. शेवटी तो म्हणतो, "आता कोणीच पुढारी नाही, दोघेही एकमेकांच्या मागे जा." हा क्षण पाहण्यासारखा असतो. दोन्ही मुले इतकी एकाग्र होतात की आपल्याकडे कोणी पाहत आहे याचा त्यांना विसर पडतो. वर ज्या भयाचे वर्णन केले त्यावरचा उपाय येथेच आहे : लक्ष स्वतःवरून काढून दुसऱ्यावर ठेवणे. जाता जाता असेही सुचवावेसे वाटते की पुढारी नसलेल्या आरशाचा हा खेळ आपल्या मंडळांच्या कार्यकारिणींनीही अधूनमधून खेळून पाहावा.

दुसरा खेळ अगम्य भाषेचा. एक मूल अस्तित्वातच नसलेल्या भाषेत काही तरी विकते, तक्रार करते वा गोष्ट सांगते. दुसरे मूल दुभाषी होऊन त्याचे मराठीत भाषांतर करते. आपल्या घरांतील अनेक मुलांना मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देतात, कारण सुटीत गावी गेल्यावर त्यांच्या उच्चारांना चुलत-मामे भावंडे हसलेली असतात. जी भाषाच कोणाची नाही, तिच्यात कोणाचा उच्चार चुकणार? एकदा जीभ सैल झाली की भाषांतर करणाऱ्याची मराठीही आपोआप वाहू लागते. तीत व्याकरणाच्या चुका असतात. त्या चालू खेळात सुधारू नयेत.

तिसरा खेळ "हो, आणि". एक जण काही सुचवितो. दुसऱ्याने ते नाकारायचे नाही, त्यात भर घालायची. "आपण चंद्रावर धम्म परिषद भरवू या." "हो, आणि तिथे खीर वाटीत राहणार नाही, म्हणून ती पिशवीतून प्यावी लागेल." "हो, आणि खिरीची पिशवी सुटली तर अध्यक्षांनी उडी मारून ती पकडायची." मुले पोट धरून हसतात, परंतु त्या हसण्यात एक मोठा धडा आहे : माझी कल्पना कोणी तरी उचलून धरली. सर्जनशीलता म्हणजे निराळे काय असते? पहिल्या कल्पनेची थट्टा होणार नाही याची खात्री असली की दुसरी कल्पना सुचते. आपल्या घरांत मात्र बहुधा दुसराच खेळ चालतो, त्याचे नाव "हो, पण". "पप्पा, मला शाळेच्या नाटकात काम करायचे आहे." "हो, पण गणिताचे काय?"

चौथा खेळ आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. कीथ जॉन्स्टन या नाट्यशिक्षकाने १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात माणसांमधील उच्च-नीचतेचा फार सूक्ष्म विचार मांडला आहे. उच्चपणा वा नीचपणा हा मनुष्याच्या अंगी जन्मतः चिकटलेला गुण नसून ते एक वर्तन आहे. मान किती हलते, डोळे कोठे जातात, किती जागा व्यापली जाते, यांतून ते क्षणोक्षणी घडते, आणि म्हणून ते बदलता येते, हे तो अभिनेत्यांना खेळांतून शिकवीत असे. या विचारावर आधारलेला पत्त्यांचा एक खेळ नाट्यवर्गांत सर्रास खेळला जातो. प्रत्येक मुलाला पत्त्यांतील एक पान दिले जाते. ते त्याने स्वतः पाहायचे नाही, कपाळावर धरायचे. इतरांना ते दिसते. मग सर्वांनी खोलीत हिंडायचे, आणि ज्याच्या कपाळी राजा वा राणी आहे त्याच्याशी अदबीने, आणि ज्याच्या कपाळी दुर्री वा तिर्री आहे त्याच्याशी तुच्छतेने वागायचे. पाच मिनिटांनी विचारायचे, "तुझे पान कोणते असेल?" जवळजवळ प्रत्येक मूल अंदाजाने बरोबर सांगते. "तुला कसे कळले?" "कोणी माझ्याकडे पाहतच नव्हते." "मी बोलायला लागलो की सगळे तोंड फिरवत होते." आणि मग एखादे मूल असे काही बोलून जाते की मोठ्यांनी अंतर्मुख व्हावे : "थोड्या वेळाने मी स्वतःच कोपऱ्यात जाऊन उभी राहिले."

बंधुभगिनींनो, सटवाई कपाळी लिहून जाते आणि ते कोणाला चुकत नाही, असे आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले गेले होते. बाबासाहेबांनी ते लिखित पुसले. परंतु बारा वर्षांच्या मुलाला हे तत्त्व व्याख्यानातून किती कळणार? या खेळात ते पाच मिनिटांत कळते : पान मी निवडले नव्हते, ते मला दिसतही नव्हते, दुसऱ्यांच्या वागण्यातून ते माझ्या अंगात शिरले, आणि ते पान काढून टाकता येते. म्हणून हा खेळ संपविताना आम्ही पाने पिसून पुन्हा वाटतो. मघाचा राजा दुर्री होतो आणि दुर्री राजा होते. शेवटी सर्व पाने खाली ठेवून सर्व जण एका वर्तुळात बसतात. या खेळाबाबत दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. अकरा वर्षांच्या आतील मुलांना तो देऊ नये, आणि पानांना कोणत्याही जातीचे, वर्णाचे वा देशाचे नाव देऊ नये. अर्थ मुलांना आपसूक सापडतो.

पाचवा खेळ "थांबा" या नावाने आमच्या वर्गात रूढ झाला आहे. त्याची मूळ कल्पना ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांची. अन्यायाचा एखादा प्रसंग करून दाखवायचा. प्रेक्षकांपैकी कोणीही "थांबा" म्हणून उठायचे, अन्याय सोसणाऱ्याची जागा घ्यायची आणि निराळे काही करून पाहायचे. भारतातही पश्चिम बंगालमधील जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांत हे नाट्य करीत आली आहे. आपल्या मोठ्या मुलांसाठी प्रसंग शोधायला दूर जावे लागत नाही : "तुझे पूर्ण आडनाव काय?" एक मूल उलट विचारते, "तुला ते कशासाठी हवे आहे?" दुसरे शांतपणे सांगते, "आम्ही बौद्ध आहोत," आणि पुढे बोलत राहते. तिसरे म्हणते, "मला या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही," आणि तेही उत्तरच असते. कोणते उत्तर श्रेष्ठ, याचा निवाडा आम्ही करीत नाही. ज्या प्रश्नापुढे एकट्याने गोठून जावे लागत होते त्याची दहा उत्तरे मित्रांच्या संगतीत, हसत-खेळत तोंडून बाहेर पडली, हेच फलित आहे.

आता आपल्या मनातील शंकांकडे वळतो. एका वडीलधाऱ्या उपासकांनी आम्हांला विचारले, "डॉक्टर, सोंगे आणणे, नकला करणे, लोकांना हसविणे, यातच आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवले होते. त्यातून बाहेर पडण्यासाठी आपण शिकलो. मुलांना पुन्हा तेथेच नेता काय?" ही शंका दुःखातून आलेली आहे आणि तिचा आदर केलाच पाहिजे. तमाशातील सोंगाड्या बतावणीत आयत्या वेळी जे बोलत असे ते कोठेही लिहिलेले नसे. ती प्रतिभा आपल्या समाजाचीच होती. मात्र तिचे मोल मालक ठरवीत असे. परंतु सत्यशोधक जलशांनी आणि त्यांच्या मागोमाग आंबेडकरी जलशांनी काय केले, हेही आपण स्मरावे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच हजरजबाबीपणा, तीच सवाल-जवाबाची रीत घेतली आणि गावोगावी बाबासाहेबांचा विचार पोहोचविला. कला तीच होती. ती कोणासाठी आणि कोणाच्या इच्छेने करायची, हे बदलले. आपल्या मुलांचा खेळ हा त्या जलशाचा वारस आहे. शिवाय स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकण्याचा ध्यास घेतला होता, हेही विसरू नये.

दुसरी शंका अभ्यासाची. ज्यांना आपली मुले डॉक्टर व्हावीत असे वाटते त्यांना सांगावेसे वाटते की शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात भावी डॉक्टरांना हेच खेळ शिकविले जातात, कारण रुग्ण पाठ केलेल्या संहितेप्रमाणे बोलत नाही. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात अभिनेते अ‍ॅलन आल्डा यांच्या प्रेरणेने २००९ पासून शास्त्रज्ञांना याच मार्गाने संवादकला शिकविली जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ च्या अहवालात तर लहान बालकांच्या नियमित तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी औषधाप्रमाणे खेळही लिहून द्यावा असे सुचविले. डेट्रॉइटच्या शाळांतील किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या या खेळांनंतर सामाजिक भय कमी झाल्याचे २०१९ साली नोंदविले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात केवळ वीस मिनिटे असे खेळ खेळलेल्या व्यक्तींची, तितकाच वेळ लिखित संहितेवरून काम केलेल्यांशी तुलना केली गेली. उत्स्फूर्त खेळ खेळलेल्यांना नंतर अधिक निरनिराळ्या कल्पना सुचल्या आणि अनिश्चितता अधिक सहन करता आली. या दुसऱ्या प्रयोगातील व्यक्ती लहान मुले नव्हत्या, आणि दोन अभ्यासांवरून सारे सिद्ध झाले असेही नाही. परंतु खर्च शून्य, अपाय नाममात्र आणि लाभाची चांगली शक्यता, असे औषध आमच्या व्यवसायात दुर्मीळ असते.

तिसरी शंका शिस्तीची : मुले उद्या आपल्यालाच उलट प्रश्न विचारतील. विचारू द्या. केवळ परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले होते. ज्या घरात या सुत्ताचे पठण होते त्या घरात मुलाच्या प्रश्नाने आपली मर्यादा भंगली असे वाटू नये.

काही पथ्ये मात्र सांगितलीच पाहिजेत. कोणत्याही मुलावर खेळण्याची सक्ती करू नये. बघत बसणे हाही सहभाग आहे, आणि बहुतेक बघणारी मुले तिसऱ्या-चौथ्या रविवारी आपण होऊन उठतात. रंग, शरीर, तोतरेपणा, घरची परिस्थिती यांवर विनोद होताच खेळ तेथेच थांबवावा. गुण, क्रमांक, पारितोषिक देऊ नये. स्पोलिनचा यावर फार कटाक्ष होता. "शाबास" आणि "चूक" या दोन्हींच्या आशेने वा भीतीने मूल शिक्षकाच्या तोंडाकडे पाहू लागते आणि समोरच्या खेळापासून दूर जाते, असे ती मानी. मघाशी आईकडे वळलेल्या नजरेचे कारण तेच आहे. आणि एक वैद्यकीय सूचना : एखादे मूल घरी मोकळेपणाने बोलते परंतु शाळेत महिनाभराहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, तर त्याला "लाजाळू आहे" म्हणून सोडून देऊ नये. निवडक मुकेपणा हा उपचार होऊ शकणारा विकार आहे, आणि दोन भाषांत वाढणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. अशा वेळी खेळावर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

शेवटी, या मेळाव्यापुढे आमचे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, प्रत्येक शहरातील धम्मवर्गात वंदना, त्रिशरण-पंचशील आणि आनापान यांनंतर अर्धा तास हे खेळ घेतले जावेत. दुसरा, येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात पाठ केलेल्या भाषणांच्या जोडीला एक छोटे सत्र असे ठेवावे की ज्यात मुले चिठ्ठी उचलतील आणि तिच्यावरील विषयावर दोन-तीन जण मिळून आयत्या वेळी प्रवेश करतील; परीक्षक नसतील, क्रमांक नसतील. पाठांतराला आमचा विरोध नाही. गाथा आणि इतिहास मुखोद्गत असलेच पाहिजेत. परंतु पाठ केलेला इतिहास हा वारसा आहे, आणि स्वतःचे वाक्य ही त्या वारशावर मुलाने केलेली पहिली सही आहे.

तिसरा प्रस्ताव पालकांसाठी आहे. आपणही खेळा. आपल्यापैकी कितीतरी जण कचेरीच्या बैठकीत उत्तर ठाऊक असूनही हात वर करीत नाहीत. आपण उच्चारांना भितो, आडनावाला भितो, चुकण्याला भितो. आई-वडिलांना लोकांसमोर वेडेवाकडे खेळताना आणि चुकल्यावर हसून पुन्हा उभे राहताना ज्या मुलाने पाहिले, त्याला चूक म्हणजे अप्रतिष्ठा नव्हे हे निराळे शिकवावे लागत नाही. "शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा" हा मंत्र आपण मुलांना पाठ करून दिला आहे. त्यातला संघर्ष तोंडाने करावा लागतो, आणि तोंड उघडण्याचा सराव लहानपणीच, मित्रांच्या संगतीत, हसत-खेळत झालेला बरा.

आज दुपारच्या भोजनानंतर शेजारच्या सभागृहात पहिला खेळ होईल. पत्त्यांचे दोन जोड आम्ही आणले आहेत. मुलांनी यावेच, मोठ्यांनी जरूर यावे.



नमो बुद्धाय! जय भीम! भवतु सब्ब मंगलं!